गाण्याचे माप आणि ऐकण्याचे माप

(तृतीय वर्ष, कला)

संगीताविषयी लिहिताना आपण रागाविषयी लिहितो, गायकाविषयी लिहितो, फार तर घराण्याविषयी लिहितो. परंतु गाणे ज्या साधनातून आपल्या कानापर्यंत येते त्या साधनाविषयी सहसा काही लिहिले जात नाही. पाणी भांड्याचा आकार घेते, पण आपली चव सोडत नाही. तांब्यातले पाणी आणि घागरीतले पाणी एकच. गाण्याचे तसे नाही. तबकडीतले गाणे, आकाशवाणीवरचे गाणे, ध्वनिफितीतले गाणे आणि आज मोबाइलमधून अखंड वाहणारे गाणे यांत मोठा फरक आहे, आणि तो केवळ आवाजाच्या स्वच्छतेचा फरक नव्हे. प्रत्येक साधनाने गाण्याला एक माप घालून दिले आणि त्या मापाबरोबर ऐकणाऱ्यालाही एक सवय लावली. आजच्या साधनाने ते माप काढून टाकले आहे. त्यामुळे ऐकण्याचे माप ठरविण्याचे काम श्रोत्यावर येऊन पडले आहे. ते काम आपण केले तर हे साधन वरदान ठरते; न केले तर गाणे नुसते कानावरून वाहून जाते. एवढाच मुद्दा प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. तो मांडताना थोडा स्वानुभव सांगणे भाग आहे, कारण सुटलेले गाणे मला ज्या वाटेने परत मिळाले, ती वाट याच मुद्द्यावरून गेली.

परीक्षेतला राग

मी मिरजेची. मिरजेच्या मुलीने गाणे शिकावे यात नवल नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९३१ साली येथेच निवर्तले. पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे प्रारंभीचे शिक्षण येथे नीलकंठबुवांकडे झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी या गावात घर केले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना मिरजेतच चिरविश्रांती देण्यात आली. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मोठमोठे कलावंत तेथे हजेरी लावतात. सतारमेकर गल्लीतून चालत गेले की भोपळे वाळत घातलेले दिसतात आणि कोणी तरी तंबोऱ्याची जवारी काढीत बसलेले असते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा गावात मी वयाच्या आठव्या वर्षापासून एका बाईंकडे गाणे शिकत होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकेक करून दिल्या आणि ‘मध्यमा पूर्ण’पर्यंत पोहोचले. दहावीच्या वर्षी क्लास थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. त्या शिक्षणातून माझ्यापाशी उरली ती काही वाक्ये. ‘भूप : वादी गंधार, संवादी धैवत, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. देशकार : वादी धैवत, संवादी गंधार, गानसमय दिवसाचा पहिला प्रहर.’ दोन्ही रागांचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. मग ते दोन राग का, या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ होते. कानाला मात्र ते ठाऊक नव्हते.

याचा अर्थ गाणे माझ्या आयुष्यातून गेले होते असा नव्हे. महाविद्यालयात आल्यावर मोबाइल हाती आला, त्यावर गाण्यांची एक सेवा आली आणि दिवसाचे तीन-तीन तास कानात गाणे वाजू लागले. बसमध्ये गाणे, अभ्यास करताना गाणे, भांडी घासताना गाणे. परंतु रात्री कोणी विचारले असते, ‘आज काय ऐकलेस?’, तर एकाही गायकाचे नाव सांगता आले नसते. इतके गाणे यापूर्वी कोणत्याही पिढीच्या कानावर पडले नसेल, आणि तरी गाण्याची ओढ म्हणून जे काही असते ते माझ्या ठायी उरलेले नव्हते. ही अवस्था माझ्या एकटीची नाही असे वर्गातील मैत्रिणींशी बोलताना जाणवले. म्हणूनच हा विषय लेखासाठी घेतला.

प्रवाहाची रीत

या सेवांना ‘स्ट्रीमिंग’ म्हणजे प्रवाही सेवा असे नाव आहे. गाणे विकत घेऊन घरी ठेवायचे नाही. ते दूरच्या संगणकावर साठविलेले असते आणि आपण मागू तेव्हा तुकड्यातुकड्याने वाहत येते. यातील सर्वांत प्रसिद्ध अशी स्पॉटिफाय ही कंपनी २००६ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे स्थापन झाली, तिची सेवा २००८ साली सुरू झाली आणि भारतात ती २०१९ साली आली. आपल्याकडे सावन व गाना या सेवा त्याआधीच सुरू झालेल्या होत्या. २०१६नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि हे प्रवाह खेडोपाडी पोहोचले.

या सेवेपाशी कोट्यवधी गाणी असतात. इतक्या साठ्यातून माणसाने निवड कशी करावी? म्हणून निवड करण्याचे काम सेवाच अंगावर घेते. तिची रीत थोडक्यात अशी : तुम्ही जे ऐकता तेच ऐकणारे दुसरे लोक कोण, हे ती शोधते, त्या लोकांनी आणखी काय ऐकले ते पाहते आणि तेच तुमच्यापुढे ठेवते. शिवाय कोणते गाणे तुम्ही अर्ध्यावर सोडले, कोणते पुन्हा लावले, याचीही नोंद ती ठेवते. एक गाणे संपले की आपण काही न करता दुसरे सुरू होते. यात वाईट काही नाही. एखादा चांगला मित्रही असेच सुचवीत असतो. फरक इतकाच की मित्र कधी तरी म्हणतो, ‘आता पुरे, जे ऐकलेस त्यावर बोलू या.’ प्रवाहाला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नाही.

याचा परिणाम माझ्या सवयीवर झाला होता. गाण्याची पहिली काही सेकंदे ऐकावीत, मन रमले नाही तर अंगठ्याने पुढे सरकावे, असा क्रम चालू असे. चित्रपटगीताला हे एक वेळ चालते. विलंबित ख्यालाला कसे चालावे? त्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कित्येकदा तंबोरे आणि आकाराचे दोन-चार स्वर एवढेच असतात. म्हणजे राग आपली ओळख सांगण्यापूर्वीच मी दार लावून घेत असे.

बाईंचा प्रश्न

द्वितीय वर्षाच्या दिवाळीच्या सुटीत मी बाईंना भेटायला गेले. बोलता बोलता मोबाइलवर काय काय मिळते ते त्यांना दाखविले आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील प्रसिद्ध ठुमरी लावली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. गाणे संपले आणि सवयीने दुसरेच काही तरी सुरू झाले, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थांबव गं ते. आधी सांग, तंबोरा कुठं आहे ह्यातला?”

मी म्हणाले, “बाई, मोबाइलचा आवाज बारीक असतो. आणि तबकडीही जुनी आहे.”

“ते झालंच. पण तू ऐकलास का, हे विचारतेय मी.” मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “हे तबकडीसाठी गायलेलं गाणं आहे. तीन मिनिटांत दार बंद होणार, हे खाँसाहेबांना ठाऊक होतं. तू हे बैठकीच्या गाण्यासारखं ऐकतेस, म्हणून तुला वाटतं की आत्ता सुरू झालं नि आत्ता संपलं. तेवढंच परत लाव.”

ते गाणे आम्ही त्या संध्याकाळी पाच वेळा ऐकले. दुसऱ्या खेपेस लक्षात आले की मुखडा पुन्हा पुन्हा येतो. तिसऱ्या खेपेस कळले की दर वेळी त्याच्याकडे येण्याची वाट वेगळी आहे. चौथ्या खेपेस मी वाट पाहू लागले. खाँसाहेब आता कोठून उतरतील याचा मनाशी अंदाज बांधू लागले आणि तो चुकला की आनंद होऊ लागला. पाचव्या खेपेस बाईंनी काही सांगितले नाही, मीही काही विचारले नाही. घरी येताना एवढे मात्र मनात पक्के झाले की गाण्याचे माप ठाऊक असल्याशिवाय ते ऐकता येत नाही. तेव्हापासून मी या मापांची माहिती जमवू लागले. ती पुढे देत आहे.

तीन मिनिटांपासून पुढे

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि बर्लिनरने त्यानंतर दहा वर्षांनी चपट्या तबकडीचा ग्रामोफोन. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास खऱ्या अर्थाने आरंभ झाला तो १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, कलकत्त्यास. लंडनहून फ्रेड गाइसबर्ग हा तंत्रज्ञ आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. गाणे संपता संपता गौहरजान आपले नाव इंग्रजीतून सांगते. हजारो मैलांवरच्या कारखान्यातील माणसांना तबकडी कोणाची ते कळावे, हा त्यातील व्यावहारिक हेतू. आज ते ऐकताना मला मौज वाटते ती ही की, गाणाऱ्याचे नाव हरवू नये ही काळजी ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसापासून होती.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर थोडी अधिक. तासभर राग मांडणाऱ्या कलावंताला हे माप म्हणजे समुद्र वाटीत भरण्यासारखे होते. कोणी गाणे मध्येच तोडले, कोणी घाईने ताना भरल्या; पण ज्यांची प्रतिभा मोठी होती त्यांनी वाटीसाठी वेगळे गाणे रचले. १९२५च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या ध्वनिग्राहकाने मुद्रण होऊ लागले. तत्पूर्वी कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे; आता हळुवार लावलेला स्वरही तबकडीवर उमटू लागला. खाँसाहेबांच्या १९०५ सालच्या तबकड्या आणि १९३४नंतरच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर गायकाचे वय आणि साधनाचे वय अशी दोन्ही वये एकदम ऐकू येतात.

तीन मिनिटांच्या या मापाची थोरवी सांगणारे उत्तम उदाहरण म्हणजे सुरश्री केसरबाई केरकर. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. त्यांच्या भैरवीतील एका रचनेची जेमतेम साडेतीन मिनिटांची मुद्रिका अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. जगभरातून निवडलेल्या २७ संगीतकृतींत ती आहे. १९७७ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात ती दोन याने निघाली आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. पृथ्वीवरील माणसांची ओळख अज्ञाताला करून देण्यासाठी जे पाठविले, त्यात तीन मिनिटांच्या तबकडीवरचे गाणे पुरेसे ठरले.

दीर्घमुद्रिका १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली आणि पुढे आपल्याकडेही आली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मावत. आता विलंबित आणि द्रुत दोन्ही एका बाजूस बसू लागले. किशोरी आमोणकरांचा भूप घराघरांत पोहोचला तो या मापातून. या मुद्रिकेने श्रोत्याला दोन सवयी लावल्या : एक, बाजू संपेपर्यंत बसण्याची, दुसरी, उठून बाजू पालटण्याची. बाजू पालटताना क्षणभर शांतता असे आणि त्या शांततेत ऐकलेले मनात मुरत असे. वेष्टनावर तबला, संवादिनी, सारंगी यांच्या साथीदारांची नावे छापलेली असत. तीही त्या वेळी वाचून होत.

आकाशवाणीचे माप वेगळे. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेथे राग विस्ताराने ऐकावयास मिळे, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ५६ गीते होती, आणि श्रोत्यांना नवे गीत मिळे आठवड्याला एक. माडगूळकरांच्या शब्दांना आणि फडक्यांच्या स्वरांना लोकांच्या मनात जी जागा मिळाली, तिच्यात त्या आठवडाभराच्या वाट पाहण्याचा काहीच वाटा नसेल काय? पुढे फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या ध्वनिफितीने हे माप श्रोत्याच्या हाती दिले. तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू, हवी तेव्हा थांबवावी, मागे न्यावी, मैफलीत बसून मुद्रित करावी. १९८०च्या दशकात ती आपल्याकडे सर्वत्र झाली.

या सर्व साधनांना एक गोष्ट समान होती : शेवट. गाणे संपे आणि यंत्र थांबे. आजच्या साधनात तो शेवट राहिलेला नाही.

स्वतः ठरविलेले माप

हे लक्षात आल्यावर मी सेवा सोडली नाही. तिची एक कळ मात्र बंद केली. गाणे संपल्यावर आपोआप दुसरे सुरू करणारी कळ बहुतेक सेवांत असते आणि ती बंदही करता येते. मग मापे शोधू लागले. मिरज ते सांगली शहर बसचा प्रवास वाहतुकीप्रमाणे पंचवीस-तीस मिनिटांचा. म्हणजे नेमकी दीर्घमुद्रिकेची एक बाजू! जाताना एक राग, येताना तोच राग, असा नेम केला. पहिला आठवडा कठीण गेला. दहाव्या मिनिटास मन उडे आणि अंगठा नकळत पडद्यावर फिरू लागे. दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू कान स्थिर झाले.

दुसरा नेम कालक्रमाचा. एकच राग घ्यावयाचा आणि तो जुन्या मुद्रिकेपासून नव्या मुद्रिकेपर्यंत ऐकावयाचा. भूपापासून आरंभ केला आणि त्याच्या जोडीला सकाळी देशकार ऐकला. महिन्याभराने एके दिवशी सांगलीच्या स्थानकावर उतरताना ध्यानात आले की, परीक्षेतले ते वाक्य आता मला आठवावे लागत नाही. भूप गंधारावर येऊन निवांत बसतो. त्याचा बराचसा संसार सप्तकाच्या पूर्वार्धात. देशकार धैवत धरून वर पाहत असतो, ऋषभाला तो ओझरता स्पर्श करतो. घर तेच, खोल्या त्याच; पण एकाचे बिऱ्हाड खालच्या मजल्यावर आणि दुसऱ्याचे वरच्या. भातखंडे यांनी नियम लिहून ठेवले ते ऐकून लिहिले होते; आम्ही ते वाचून पाठ केले. त्यांची वाट उलट दिशेने चालावयास या सेवेने मला मदत केली, हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वी हे करावयाचे तर एखाद्या संग्राहकाचा स्नेह हवा होता, किंवा मोठ्या शहरात राहणे आवश्यक होते. आज बसच्या पासाचे पैसे मोजून देणाऱ्या विद्यार्थिनीलाही ते शक्य आहे.

तिसरा नेम वहीचा. जे ऐकले त्याची एक ओळ लिहावयाची : गायक, राग, ताल, साथीदार, मुद्रणाचे वर्ष, किती मिनिटे आणि एखादी लक्षात राहिलेली जागा. ही वही भरताना दिसले की पहिल्या दोन रकान्यांखेरीज फारसे काही सेवेच्या पडद्यावरून भरता येत नाही. तबला कोणाचा, संवादिनी कोणाची, मैफल कोणत्या गावची, यांचा पत्ता नसतो. मुद्रणाच्या वर्षाऐवजी गाणे सेवेत चढविल्याचे वर्ष दिसते. रोमन लिपीतील नावांची तऱ्हा तर विचारू नये. एकच राग तीन प्रकारे लिहिलेला असतो आणि तिन्ही प्रकारे शोधावा लागतो. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यानंतर ती कोणीही प्रसृत करावी. म्हणून एकच जुनी मुद्रिका चार ठिकाणी चार नावांनी आढळते. मुंबईत १९९०पासून कार्य करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांनी तबकड्यांच्या तपशिलांवर जे परिश्रम घेतले, त्यांचे मोल अशा वेळी कळते. वही भरण्यासाठी मला वाचावे लागले. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ मी प्रथम हाती घेतले ते यामुळेच.

दोन अडचणी

या साधनाच्या दोन अडचणींचा विचार केल्याखेरीज लेख पुरा होणार नाही.

पहिली अडचण आवाजाची. सीडीवरील संगीतासाठी दर सेकंदास सुमारे चौदा लाख बिट, म्हणजे माहितीचे कण, लागतात. प्रवाही सेवा सामान्यतः त्यातील बरेच गाळून पाठवितात. चांगल्या दर्जात सुमारे तीन लाख वीस हजार, आणि डेटा वाचविण्याचा पर्याय निवडल्यास त्याहून फारच कमी. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला ऐकू येत नाहीत, या तत्त्वावर ही गाळणी चालते. वरच्या दर्जात फरक सहसा कळत नाही. परंतु दर्जा फार खाली गेला की प्रथम उंच, सूक्ष्म आवाज जातात. तंबोऱ्याची जवारी म्हणजे नेमके तेच. तारेखाली घोडीवर सरकवलेल्या दोऱ्याने ज्या स्वरांचे मोहोळ उठते, ते सतारमेकर गल्लीत ऐकावे आणि मग मोबाइलमध्ये शोधावे. बाईंच्या प्रश्नाचा अर्धा भाग हा होता. दर्जाचा पर्याय बदलून आणि बऱ्यापैकी हेडफोन लावून मी तंबोरा थोडाफार परत मिळविला.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती अधिक गंभीर आहे. बहुतेक सेवा वर्गणी व जाहिराती यांचे उत्पन्न एकत्र करतात आणि कोणाचे गाणे किती वेळा लागले या प्रमाणात त्याचा वाटा देतात. स्पॉटिफायच्या रीतीने निदान ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. येथे मेख आहे. पंचेचाळीस मिनिटांचा राग मी अथपासून इतिपर्यंत ऐकला तर ते एक श्रवण. तेवढ्याच वेळात तीन मिनिटांची गाणी ऐकली तर ती पंधरा. दोन्ही ठिकाणी माझा वेळ सारखाच गेला. वाटा मात्र एकास पंधरा. शिवाय २०२४पासून त्याच सेवेने असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे न झालेल्या मुद्रिकेला वाटा मिळणार नाही. अनवट राग गाणाऱ्या तरुण कलावंताने काय करावे? त्याने पंचेचाळीस मिनिटांचे पंधरा तुकडे करावेत काय? तबकडीने गायकाला सांगितले होते, ‘तीन मिनिटांत गा.’ हा हिशेब उघडपणे काहीच सांगत नाही. तो फक्त लांब गाण्याला कमी देतो. माप नाही असे वाटते तेथे माप असतेच, ते दिसत नाही इतकेच.

यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. ज्या जिवंत कलावंताचे गाणे सेवेत आवडले, त्याची मैफल आपल्या भागात झाली तर तिकीट काढून जावे. माझ्या वहीतील तीन नावे मी अशा रीतीने प्रत्यक्ष ऐकली आहेत. त्यांपैकी एका मैफलीत पहिली चाळीस मिनिटे एकच राग चालला होता आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारले, “बाळ, कंटाळा नाही ना आला?” मी नाही म्हटले.

समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, गाण्याची विपुलता आणि गाण्याची आवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. विपुलता सेवा देते; वर्गणी भरून वा जाहिराती सोसून ती कोणासही मिळते. आवड उत्पन्न होण्यास एक मर्यादा लागते, ज्या मर्यादेत मन थांबते, पुन्हा मागे वळते, वाट पाहते. पूर्वीच्या साधनांत ती मर्यादा आपोआप होती. तबकडी संपे, बाजू संपे, आकाशवाणीची वेळ संपे. म्हणून पूर्वीचे श्रोते आपल्याहून श्रेष्ठ होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना जे साधनाने दिले ते आपण स्वतःस द्यावयाचे आहे, इतकाच फरक. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दुकानातून येणारी खाँसाहेबांची एक तबकडी ऐकावी आणि गाण्यासाठी घर सोडावे, ही पं. भीमसेन जोशींची कथा सर्वश्रुत आहे. त्या मुलापाशी एकच तबकडी होती, आणि तीही दुकानदाराची.

आपल्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळ आहे, वादविवाद मंडळ आहे. पंधरवड्यातून एकदा एक तास, कोणतेही व्याख्यान न ठेवता, एक राग किंवा एक नाट्यपद संपूर्ण ऐकावे आणि शेवटी पाच मिनिटे त्यावर बोलावे, असा श्रवणवर्ग सुरू करता येईल. त्यास एक खोली, एक बरासा ध्वनिक्षेपक आणि मोबाइल बंद ठेवण्याची तयारी एवढेच लागेल. गाणे लावण्यासाठी एकाचा चालू ठेवावा लागेल, तो मी आणीन. माझी वहीही आणीन. तिच्यात आजपर्यंत ११४ ओळी झाल्या आहेत, आणि साथीदारांच्या रकान्यात अजून बऱ्याच जागा रिकाम्या आहेत. आपल्या प्राध्यापकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिकांची वेष्टने असतील, त्यांनी ती पाहू दिली तर त्या जागा भरून निघतील.